आखाताचं दफ्तर घरबसल्या: कतार डिजिटल लायब्ररी

मी कस्टममध्ये ३१ वर्षं कारकुनी केली, त्यातली शेवटची ११ जहाजांच्या कागदांवर. जहाज बंदरातून सुटायचं म्हणजे लाइट ड्यूज (दीपगृहांचा आकार) भरलेत का, मॅनिफेस्ट (मालाची यादी) दाखल झालं का, खलाशांची यादी जुळते का हे तपासायचं आणि मग पोर्ट क्लिअरन्सवर, म्हणजे बंदर सोडायच्या परवान्यावर, साहेबाची सही घ्यायची. एजंट समोर उभा राहून सारखा घड्याळ बघायचा. त्याच्या घड्याळाकडे न बघण्याची कला निवृत्तीनंतर वाया गेली, कागद वाचायची खोड मात्र सुटली नाही. गेल्या दिवाळीत दोह्याहून भाच्याचा फोन आला. म्हणाला, "मावशी, तुझ्या खात्यातले कागद सापडलेत बघ. दोनशे वर्षांपूर्वीचे. आणि फुकट." मी म्हटलं, फुकटचं असेल तर त्यात काहीतरी गोम असणार. सहा महिने रोज रात्री जेवणानंतर तास-दीड तास बसले. गोम नाही. म्हणून हा अभिप्राय.

आधी ही काय चीज आहे ते. कतार फाउंडेशन, कतार नॅशनल लायब्ररी आणि लंडनची ब्रिटिश लायब्ररी यांनी मिळून केलेलं हे काम २०१४ पासून सगळ्यांना खुलं आहे. नाव नोंदवायचं नाही, पैसे भरायचे नाहीत, ओटीपी नाही. इंडिया ऑफिस, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार बघणारी लंडनची कचेरी, तिच्या दफ्तरातल्या पर्शियन आखाताबद्दलच्या फायली, छापील अहवाल, नकाशे, फोटो, सगळं पानागणिक छायाचित्रं काढून ठेवलेलं. अरबी शास्त्रग्रंथांची हस्तलिखितंही आहेत, पण तिकडे मी फिरकले नाही.

आता कोणी विचारेल, आखाताशी मराठी माणसाचा काय संबंध? मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं होतं. पण इंग्रज आखाताचा कारभार लंडनहून बघतच नव्हते. इराणच्या किनाऱ्यावर बुशहरला त्यांचा रेसिडेंट, म्हणजे सरकारचा राजकीय प्रतिनिधी, बसायचा आणि १८७३ पर्यंत त्याचा वरचा साहेब होता मुंबई सरकार. त्याचा पगार, बदली, कानउघाडणी सगळं मुंबईहून. १८७३ नंतर तो थेट हिंदुस्थान सरकारच्या हाताखाली गेला. १९४६ मध्ये रेसिडेन्सी बहरीनला हलली, आणि आपण स्वतंत्र झाल्यावर एप्रिल १९४८ पासून ते खातं लंडनच्या परराष्ट्र कचेरीकडे गेलं. आखातात चालायचा तो आपलाच रुपया, अगदी त्यानंतरही काही वर्षं. त्यामुळे या फायलींची भाषा, शेरे, मुद्दे मांडायची पद्धत हे सगळं मला इतकं ओळखीचं वाटलं की दोन-तीनदा हात आपोआप पेनाकडे गेला.

पहिल्याच आठवड्यात जे पुस्तक हाती लागलं त्यावर मी जवळजवळ महिना काढला. मुंबई सरकारच्या दफ्तरातल्या निवडक कागदांची एक मालिका निघायची, तिचा २४ वा अंक, १८५६ सालचा, सगळा आखातावर. छापला कुठे? भायखळ्याला, बॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात. मुखपृष्ठावर भायखळा वाचून मी नवऱ्याला हाक मारली. त्यांनी टीव्हीवरून मान न वळवता "बरं" म्हटलं.

त्यातला १८२० चा करार प्रत्येक कस्टमवाल्याने वाचावा असा आहे. पार्श्वभूमी अशी: रास अल खैमाचे (आजच्या अमिरातीतलं बंदर) कासिमी घराण्याचे लोक आणि त्यांच्या शेजारचे अरब समुद्रात जहाजं लुटतात, असा कंपनी सरकारचा दावा. मुंबईहून मेजर जनरल सर विल्यम ग्रँट कीरच्या हाताखाली फौज आणि जहाजं गेली, डिसेंबर १८१९ मध्ये रास अल खैमा पडलं, आणि ८ जानेवारी १८२० पासून एकेका शेखाची करारावर सही व्हायला लागली. इतिहासाच्या पुस्तकांत इथवर येतं. पाचवं कलम मात्र कोणी सांगत नाही. ते कलम म्हणतं की दोस्त अरबांच्या प्रत्येक गलबतावर दोन कागद हवेत, दोन्हींवर त्यांच्या शेखाची सही. पहिल्यात गलबताचं नाव, लांबी, रुंदी आणि त्यात किती 'कारा' माल मावतो. हा झाला रजिस्टर. दुसऱ्यात मालकाचं नाव, नाखोद्याचं नाव, माणसं किती, हत्यारं किती, कुठून सुटलं, केव्हा सुटलं आणि कुठल्या बंदराला चाललंय. याला करारात जो शब्द वापरलाय तो वाचून मी खुर्चीत सावरून बसले: पोर्ट क्लिअरन्स! इंग्रजांचं किंवा दुसरं कुठलं जहाज वाटेत भेटलं की हे दोन्ही कागद दाखवायचे.

'कारा' म्हणजे काय असं भाच्याने विचारलं. म्हटलं, कोकणात गलबताची भरती खंडीत सांगतात ना, तसं. नाखोदा तर सांगायलाच नको, आपला नाखवा. परक्या मुलखाचा करार वाचताना घरातले शब्द असे मधूनच दाराआडून डोकावतात, ही गंमत मला शेवटपर्यंत पुरली.

इथे एक आडवळण घेते. जहाजाला वाटेत अडवून "कागद दाखव" म्हणण्याचा हा प्रकार आम्हा कोकणवाल्यांना नवा नाही. कान्होजी आंग्र्यांचं दस्तक काय होतं? किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापाऱ्याने पैसे भरून दस्तक घ्यायचं, नसेल तर जहाज धरलं जायचं. पोर्तुगीजांचा कार्ताझही त्याच जातीचा. मुंबईच्या कंपनीने आंग्र्यांचं दस्तक मानायला नकार दिला आणि आंग्र्यांना चाचे ठरवून टाकलं. १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला (त्यात पेशव्यांचाही हात होता, त्यावर आमच्या घरात अजून भांडणं होतात). आणि ६३ वर्षांनी त्याच मुंबईच्या आरमाराची, बॉम्बे मरीनची, जहाजं रास अल खैमासमोर उभी. या वेळी कागद मागणारे तेच. म्हणून त्या अंकात पानोपानी 'पायरेट' हा शब्द आला की मी मनातल्या मनात समासात शेरा मारायची: कोणाच्या दस्तकाप्रमाणे?

हा माझा एकटीचा तिरकसपणा नव्हे. शारजाचे शासक डॉ. सुलतान बिन मुहम्मद अल कासिमी यांनी इंग्लंडमध्ये एक्झेटर विद्यापीठात पीएचडी केली आणि आपल्या पूर्वजांवरचा चाचेगिरीचा शिक्का खोडून काढण्यासाठी मुंबईच्या दफ्तरखान्यातलेच कागद वापरले. ज्या फडताळातून आरोप निघाला त्याच फडताळातून जबाब. वकिली डोक्याची माणसं दाद देतील.

आता वापरणाऱ्यांसाठी कामाची गोष्ट. शोधताना आजचं स्पेलिंग टाकून थांबू नका. त्या काळच्या कारकुनाने कानाला जे ऐकू आलं ते लिहिलं. कासिमी हवे असतील तर 'जोआस्मी' टाका, 'जोवासमी' टाका. नाखोदा तर 'नाकोडा' म्हणूनही येतो. आधी मला वाटलं हा कोणी मारवाडी व्यापारी. बुशहर 'बुशायर' झालंय आणि केश्म बेटावरचं बासिदू, जिथे मुंबईच्या आरमाराचा तळ होता, ते 'बासादोर'. मी वहीत उभ्या रेघा मारून तक्ता केला: डावीकडे आजचं नाव, उजवीकडे साहेबाने केलेलं वाटोळं. आता ५४ नावं झाली आहेत.

छापील पानांशेजारी यंत्राने वाचून काढलेला मजकूर दिसतो, आणि तो यंत्राने केलाय, त्यात चुका असतील, अशी पाटीही प्रामाणिकपणे लावलेली आहे. हाताने लिहिलेल्या कागदांपुढे यंत्राचं काही चालत नाही, तिथे आपले डोळे. मला त्याचा जाच झाला नाही. सुरुवातीला वेलांट्या जुळवाव्या लागतात, मग एकेका कारकुनाचा हात ओळखू येतो. कोण घाईत होता, कोणाचा टाक बोथट होता, कोणाला परिच्छेदांना आकडे घालायची हौस होती. शेखांची अरबी पत्रं मूळ कागदासकट लावलेली असतात आणि पाठोपाठ इंग्रजी तर्जुमा. अरबी मला येत नाही, पण मूळ पत्र लांबलचक आणि तर्जुमा चार ओळींचा असला की भुवया वर जातातच. सगळी व्यवस्था इंग्रजी आणि अरबीत आहे. मराठी नाही, हिंदी नाही. ज्यांना इंग्रजी वाचायचा कंटाळा आहे त्यांनी निदान नकाशे आणि फोटो बघावेत.

कारभार कसा चालायचा हे फायलींतून फार छान उलगडतं, आणि तो मुख्यतः तोफांनी चालत नव्हता. मोती काढायचा हंगाम उन्हाळ्यात. त्या दिवसांत टोळ्या समुद्रात भांडल्या तर सगळ्यांचंच दिवाळं, आणि मोत्यांचा मोठा बाजार मुंबईत, म्हणजे मुंबईचंही. म्हणून १८३५ मध्ये बुशहरच्या साहेबाने, सॅम्युएल हेनेलने, शेखांकडून फक्त त्या हंगामापुरता तह करून घेतला: समुद्रावर भांडण नाही. दर वर्षी नवा करायचा, आमच्या हंगामी परवान्यासारखा. १८४३ मध्ये तो एकदम १० वर्षांचा झाला आणि १८५३ मध्ये कायमचा. हेनेलने मध्ये समुद्रात एक रेषाही आखली होती, जिच्या पलीकडे अरबांनी आपसातल्या लढाईची गलबतं न्यायची नाहीत. जमिनीवर काय वाट्टेल ते करा, साहेबाला त्याच्याशी देणंघेणं नाही. पाणी शांत पाहिजे. कारण पाण्यावरून मुंबईचा माल जातो. इतका सरळ हिशेब.

झेंड्यांचं प्रकरण त्याहून मजेशीर. १८२० च्या कराराने दोस्त अरबांना झेंडासुद्धा नेमून दिला: मध्ये लाल, भोवती पांढरी किनार, आणि पांढऱ्याची रुंदी लालइतकी. शारजा आणि रास अल खैमाचा झेंडा आजही लाल-पांढराच आहे. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मावशी, मी तिथे इतक्या वेळा गेलो, कधी विचारच केला नाही." पुढे ओमानच्या सूर बंदरातल्या नाखवांनी शहाणपणा केला. त्यांनी फ्रान्सचा झेंडा आणि फ्रेंच कागद मिळवले. फ्रेंच झेंडा असलेलं गलबत इंग्रजांना झडतीसाठी अडवता येईना, आणि गुलामांचा व्यापार त्या झेंड्याआड चालतो ही इंग्रजांची तक्रार. प्रकरण पार हेगच्या लवादात गेलं. १९०५ मध्ये निकाल लागला: २ जानेवारी १८९२ नंतर फ्रान्सने झेंडे द्यायचे ते फक्त १८६३ च्या आधीपासून त्यांच्या आश्रयाखाली असलेल्या मालकांना. सूरच्या गलबतांसाठी दोन महासत्ता हेगला! आमच्या वेळी बोगस कागदाचं एखादं प्रकरण आयुक्तांपर्यंत गेलं तरी आठवडाभर चर्चा चालायची.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा आखाती बंदरांत मुंबईच्या जहाजांवर क्वारंटाइन बसलं, त्याच्याही फायली आहेत. त्या मी अर्ध्यावर सोडल्या. करोनानंतर ते वाचवत नाही.

ज्यांना एकाच ठिकाणी सगळं हवंय त्यांच्यासाठी लॉरिमरचं गॅझेटियर, म्हणजे आखाताचा सरकारी माहितीकोश, इथे पूर्ण आहे. भूगोलाचा भाग १९०८ चा, इतिहासाचा १९१५ चा, मिळून सुमारे ५००० पानं. सरकारी कामापुरतं छापलेलं आणि कित्येक वर्षं गुप्त ठेवलेलं. कुठल्या गावात किती घरं, किती गलबतं, पाणी गोडं की खारं, इथवर तपशील. पण खरं सांगू? ते वाचताना मजा येत नाही. सगळं ठाकठीक करून मांडलेलं. मला कच्च्या फायली आवडतात, ज्यात खालच्याने एक म्हटलंय, वरच्याने खोडलंय आणि त्याच्या वरच्याने पेन्सिलीने तिसरंच लिहिलंय.

एक फजिती मात्र झाली, तिचा दोष लायब्ररीकडे नाही. १८२० च्या दशकात बॉम्बे मरीनच्या गाय आणि ब्रक्स या अधिकाऱ्यांनी आखात मोजून काढलं. त्यांच्या मोजणीवरून काढलेला एक तक्ता, म्हणजे समुद्राचा नकाशा, मला भिंतीवर लावायचा होता. छायाचित्र उतरवून घेतलं, पेनड्राइव्हवर टाकलं आणि घराजवळच्या एका प्रिंटवाल्याकडे गेले. त्या मुलाला दोनदा सांगितलं, बाबा, कडा कापू नकोस. त्याने "हो काकू" म्हणत मशीनला जे करायचं ते करू दिलं. तक्ता आला तो मस्कतच्या अलीकडे संपलेला, आणि डाव्या बाजूला बसरा अर्धा. वर मला म्हणतो, "काकू, समुद्रच तर आहे, काय फरक पडतो?" १८० रुपये दिले आणि परत आले. पुढच्या वेळी दादरला जाईन. पण तो कापलेला तक्तासुद्धा बघण्यासारखा आहे. किनाऱ्यालगत खोलीचे बारीक बारीक आकडे, वावांमध्ये, मुंग्यांच्या रांगेसारखे. एकेक आकडा म्हणजे कोणीतरी त्या उन्हात होडीतून शिसाचा ओळंबा खाली सोडलाय, दोरी भरलीय आणि ओरडून सांगितलंय. सांगणारा कोण, ते तक्त्यावर नाही.

त्यावरून माझ्या मूळ कामाकडे येते, कारण मी या दफ्तरात नुसती फिरायला गेले नव्हते. माझे आजोबा, आईचे वडील, जयगडचे. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची मुंबई ते बसरा टपाल बोट १८६२ पासून चालायची. तिच्यावर आजोबा आधी खलाशी, मग सुकाणी. त्यांची नळी माझ्याकडे आहे. नळी म्हणजे खलाशाचं नोंदणीपुस्तक. पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवायचे म्हणून तेच नाव पडलं. आजोबांच्या नळीला मिठाने गंज चढलाय, झाकण फिरवताना अजून करकरतं. आतल्या पुस्तकात १९५१ चा 'दुमरा' बोटीचा शिक्का आहे, आणि काम व वर्तणूक या दोन रकान्यांत दोन-दोन अक्षरं: व्ही. जी., व्हेरी गुड. 'दुमरा'ची बहीण 'दारा'. ती ८ एप्रिल १९६१ ला दुबईजवळ स्फोट होऊन जळाली, २३८ माणसं गेली. आजोबा तेव्हा घरी होते. त्यानंतर ते कोणालाही आखाताच्या गोष्टी सांगेनात, असं आई सांगायची.

तर या दफ्तरात आजोबा सापडतात का, हे मी शोधतेय. अजून सापडलेले नाहीत. बोटींची नावं सापडतात, कॅप्टनची नावं सापडतात. कोणत्या बोटीवर कोण साहेब मस्कतला उतरला, त्याच्या पेट्या किती, हे सापडतं. खाली नुसतं 'नेटिव्ह क्रू' आणि आकडा. मी परत १८२० च्या पाचव्या कलमाकडे गेले आणि तेव्हा लक्षात आलं की पहिल्या वाचनात एक गोष्ट माझ्या नजरेतून निसटली होती. मालकाचं नाव विचारलंय, नाखोद्याचं विचारलंय. माणसांची आणि हत्यारांची फक्त संख्या. माझ्या टेबलावर यायची त्या यादीत प्रत्येक खलाशाचं नाव, जन्मतारीख, पुस्तक क्रमांक असायचा आणि एक अक्षर चुकलं तरी मी यादी परत पाठवायची. एजंट मला खडूस म्हणायचे.

गुण द्यायचेच तर पाचपैकी साडेचार. अर्धा मराठीसाठी राखून ठेवला आहे. मोबाइलवर बघायच्या भानगडीत पडू नका, मोठा पडदा हवा, आणि जवळ वही ठेवा. एक फायल उघडलीत की तिचा क्रमांक लगेच लिहून घ्या; बुशहर रेसिडेन्सीच्या फायली आर/१५/१ या क्रमाखाली आहेत, बहरीनच्या आर/१५/२ खाली. हे लिहून न घेतल्यामुळे मी एक पत्र तीन रात्री शोधत होते आणि ते शेवटी आधीच वाचलेल्या फायलीत निघालं.

सध्या १९३० च्या सुमाराच्या बोटींच्या फायली चाळतेय. 'सारंग', म्हणजे खलाशांचा मुकादम, हा शब्द साहेब लोक किती तऱ्हांनी लिहितात ते अजून पुरतं कळलेलं नाही. सेरांग झाला, सिरांग झाला, सरंगही करून पाहिला. कोणाला आणखी एखादं स्पेलिंग ठाऊक असेल तर जरूर कळवा.